अकरा चाळीसची नोंद

त्या उन्हाळ्यात पाऊस वायकाटोची वाटच विसरला. बारा महिने हिरवंगार गवत म्हणून ज्या मुलखाचं नाव, तिथं मार्चात रानं करपून तांबूस झाली. गायी चरायच्या नाहीत. कुंपणाशी रांगेनं उभ्या राहायच्या आणि सगळ्या मिळून एकाच दिशेला बघायच्या. त्या दिशेला बघण्यासारखं काही नव्हतं. नुसता सरळ रस्ता आणि त्यावर हलणारं ऊन.

रणजित सकाळचं दूध काढून आला की दारात बूट आपटायचा आणि धूळ पडायची. "विट्याहून एवढं लांब आलो, ते काय ही धूळ बघायला?" असं तो रोज म्हणायचा.

गंमत बघा, दूध इथलं, लोणी इथलं, आणि भाव मात्र साऱ्या जगाचा. तिकडं कुठं दुधाची भुकटी महागली म्हणून इकडं अर्ध्या किलोचा लोण्याचा ठोकळा वर्षभरात अडीच डॉलरवरून चारच्या वर गेला. चारशे गायींचं दूध रणजितच्या हातून टाकीत जायचं, आणि त्याची बायको ममता घरी पावाला लोणी लावायची ते सुरीनं खरवडून खरवडून. त्यात मालकानं, ग्रॅहमनं, सांगून टाकलं होतं की गवत नाही, तेव्हा गायी दोन महिने आधीच आटवायच्या. गायी आटल्या की रणजितचे तास निम्मे, पगार निम्मा. जुलैत गायी विणार, तोवर घर चालायचं ते ममताच्या नोकरीवर.

आणि ममताची नोकरी काय, तर भाव लिहिणं. सरकारला महागाई मोजायची असते. त्यासाठी महिन्याच्या मधल्या शुक्रवारी ती आठ दुकानं फिरायची. सात मॉरिन्सव्हिल गावातली आणि आठवं काउरी क्रॉसच्या चौरस्त्यावरचं. तीच दुकानं, त्याच वस्तू, तेच वजन, तोच छाप. राजधानीत, वेलिंग्टनला, नोएलीन म्हणून तिची साहेबीण होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डोळ्यांनी बघितलंस तर लिही. नाही बघितलंस तर रकान्यात फुली मार. ऐकीव भाव नको, अंदाज नको." नियम सोपा होता. पण जानेवारीत गाडी पंक्चर झाली, ममतानं एक फुली मारली, आणि दुसऱ्या दिवशी नोएलीनचा फोन. आवाज गोड, पण विचारणं असं की ममतानं उभ्यानंच तीनदा माफी मागितली. अजून वर्ष व्हायचं होतं. वर्ष झाल्याशिवाय नोकरी पक्की नव्हती.

काउरी क्रॉसला गाव नव्हतंच. एक बंद पडलेली शाळा, एक पाण्याची टाकी आणि रमणभाईंची डेअरी. इकडं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. रमणभाई नवसारीकडचे. चाळीस वर्षं त्या चौरस्त्यावर, बायको गेलेली, लेक वेलिंग्टनकडं जॉन्सनव्हिलला. म्हातारा उंच, वाकलेला, बोलणं थोडं. त्याची एक रीत होती. ममता यायची त्या शुक्रवारी सकाळी तो सगळ्या फळ्यांवरची भावाची कार्डं बदलायचा. पांढरा पुठ्ठा, निळी शाई, ठळक आकडे. सरकारला शिळा भाव दाखवायचा नाही, म्हणायचा. मग अकराच्या सुमाराला पुढच्या दाराला 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी अडकवायचा, आतून कडी घालायचा आणि मागच्या खोलीत आल्याचा चहा टाकायचा. ममता मागच्या दारानं यायची. तिच्याबरोबर तिचे सासरे, रावसाहेब. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. सहा महिन्यांसाठी गावाहून आलेले आबा त्या एका शुक्रवारासाठी महिनाभर जगायचे. दोघे म्हातारे समोरासमोर बसून एकाच कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायचे आणि शेंगदाणे खायचे. एक बोलायचा गुजराती, एक सांगलीकडची मराठी, आणि दोघांचं अगदी झकास जमायचं.

फेब्रुवारीत निघताना रमणभाई म्हणाले होते, "बेन, अगले महिने बटर चार तीस. लिख लो."

ममता हसली. "आज कसं लिहू, भाई? बघितल्याशिवाय लिहिता येत नाही."

"तो फिर देखने आना," म्हातारा म्हणाला.

मार्चातला तो शुक्रवार उजाडला तोच तापलेला. आबा आदल्या दिवसापासून अंथरुणात होते. सकाळी अंग कढत लागलं, तशी ममता म्हणाली, "मी आज जात नाही."

"जा गं. मला काय हुतंय?" आबा म्हणाले. "आन् रमणभाईला सांग, पुढल्या खेपेला येतो म्हनावं."

गावातली सात दुकानं तिनं झपाझप केली. दूध, चीज, पाव, बटाटे, सगळं वर. पेट्रोलचा आकडा तिच्या यादीत नव्हता, तरी सवयीनं तिनं पंपाकडं बघितलं. तोही वर. सव्वादहाला काउरी क्रॉसच्या रस्त्याला लागणार, एवढ्यात रणजितचा फोन. "आबा बरळायला लागलेत. मला ओळखीनात. तू ये बाई आधी. इथं दोनशे गायी आवारात कोंडून ठेवल्यात, आटवायला एकेकीच्या सडात औषध भरायचंय, ग्रॅहम डोक्यावर उभाय."

तिनं गाडी वळवली.

घरी आली, रणजित पळाला. तिनं आबांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली, गोळी दिली, पाणी पाजलं. घर गरम, पडदे ओढलेले, छताचा पत्रा उन्हानं तडतडत होता. मग ती टेबलाशी बसली आणि तिनं तो आठवा कागद पुढ्यात घेतला. चारच्या आत पाकीट पोस्टात पडायला हवं होतं. फुली मारावी? पुन्हा नोएलीनचा फोन, पुन्हा तो गोड आवाज. बरं, लोण्याचा भाव तर रमणभाईंनीच सांगितलेला. बाकीचे असे कितीसे हलणार? तिनं लिहिलं. लोणी चार तीस. दूध तीन पंचेचाळीस. पाव दोन साठ. चहा, तो त्याच्याकडं नेहमी महाग, पाच पंधरा. शेंगदाणे तीन पंच्याऐंशी. हा शेवटचा आकडा कुठून आला म्हणाल, तर हवेतून. हात थांबला नाही, इतकंच.

खाली वेळेचा रकाना होता. भाव किती वाजता बघितला? तिनं मान वर केली.

तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला. बरळण्याचा नव्हे, चांगला स्वच्छ.

"ममता, च्या गार व्हाय लागलाय गं. रमणभाई असा भुईवर का निजलाय?"

ती आत गेली. आबांचे डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, श्वास जोरात. "आबा?" ती म्हणाली. काही नाही. ताप आहे, माणूस काहीही बोलतो, तिनं मनाला समजावलं आणि परत येऊन बसली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. तिनं तेच लिहिलं.

शनिवारी आबांचा ताप उतरला. रविवारी ते पेज प्याले. आपण काय बोललो, त्यांना काही आठवत नव्हतं आणि ममतानं विचारलंही नाही. मंगळवारी दुधाचा टँकर घेऊन येणाऱ्यानं रणजितला बातमी दिली. काउरी क्रॉसचा म्हातारा गेला. दारावर 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी, गिऱ्हाइकं यायची, वाचायची, थोडा वेळ थांबून परत जायची. शनिवारी पाववाल्यानं दारात पावाचा क्रेट ठेवला. सोमवारी आला तर क्रेट तसाच. पावांना मुंग्या लागलेल्या. तेव्हा त्यानं काचेला कपाळ लावून आत बघितलं, मग मागं गेला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

हे रणजित जेवताना सांगत होता. ममतानं हातातला घास ताटात परत ठेवला. आबा ताटावरून उठले, अंगणात गेले आणि कुंपणाशी उभे राहिले. पलीकडं गायी उभ्या होत्या. माणूस आणि जनावरं एकाच दिशेला बघत होती, आणि ती दिशा काउरी क्रॉसची होती. ममताला हे आजवर कधी सुचलं नव्हतं. आता सुचलं आणि तिला तिथं बघवेना.

बुधवारी पोलीस आला. तरुण माओरी पोरगा, "किया ओरा" असा नमस्कार करत टोपी काढून आत आला. गैरप्रकार काही नाही, म्हणाला, मेंदूतली शीर तुटली. फक्त कागद पुरे करायचे होते. म्हाताऱ्याच्या कॅलेंडरवर शुक्रवारी 'भाववाली बेन' असं लिहिलंय, त्याच्या लेकीनं वाचून दाखवलं. "तुम्ही शुक्रवारी गेला होता का?"

पाकीट पोस्टात पडून पाच दिवस झाले होते. त्यात तिची सही होती. रणजित दारात उभा, आबा खुर्चीत.

"हो," ममता म्हणाली.

"किती वाजता?"

"अकरा चाळीस."

पोरानं लिहून घेतलं. "म्हणजे त्यांना जिवंत बघणारं शेवटचं माणूस तुम्ही," तो सहज म्हणाला. चहा नको म्हणाला आणि गेला.

गाडीची धूळ खाली बसली. मग रणजित म्हणाला, "आता हेच धरून चालायचं. कुणाचं काय वाईट झालंय त्यात? म्हातारा तसाही गेलाच."

"तसाही," आबा म्हणाले. एवढंच. पण ममताला ते तोंडात मारल्यासारखं लागलं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी उजेडात, भांडी घासताना, तिला ते आठवायला लागलं. मागचं लोटलेलं दार. दाराला बांधलेली पितळी घंटी, तिचा आवाज. आल्याचा वास. रमणभाई किटली उचलतायत, "आओ बेन" म्हणतायत. आठवणच ती. पण फेब्रुवारीची का मार्चची, हे तिला धड सांगता येईना. हातातलं ताट तिनं तीनदा घासलं. आपण खरंच गेलो होतो की काय? गेलोच असू, नाहीतर पोलिसानं लिहून घेतलं नसतं. असं मनात आलं आणि ती स्वतःलाच घाबरली.

तेवढ्यात फोन. रमणभाईंची मुलगी, कृष्णा. अडखळत्या हिंदीत म्हणाली, उद्यापासून सणाची सुट्टी लागते, आजच हॅमिल्टनला अंत्यविधी आहे, त्याआधी दहा मिनिटं दुकानात येता का? तुम्ही शेवटच्या भेटलात बाबांना. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

रणजितनं गाडीची किल्ली आपल्या खिशात घातली. "जायचं काही कारण नाही."

"किल्ली दे," आबा मुलाला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रणजितनं किल्ली काढून टेबलावर ठेवली.

अठरा किलोमीटर ममतानं गाडी हाकली, शेजारी आबा. चौरस्त्यावर वारा नव्हता, तरी शाळेच्या झेंड्याच्या रिकाम्या खांबावरची दोरी टक टक वाजत होती. पुढच्या दाराला ती पाटी अजून तशीच. पाच मिनिटांत येतो. ममता सवयीनं मागं गेली. घंटी वाजली. जशी मघाशी भांडी घासताना वाजली होती, अगदी तशी.

कृष्णा पस्तिशीची, सरकारी ऑफिसात जाणाऱ्या बायकांसारखी नीटनेटकी, डोळे सुजलेले. तिनं ममताचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. तिला दुकान दाखवत पुढं घेऊन गेली, जणू ममताच पाहुणी होती. फ्रीज घुमत होता. आत अंधारं आणि गार होतं.

आणि ममतानं कार्डं बघितली.

पांढरा पुठ्ठा, निळी शाई. लोणी चार तीस. ठीक आहे, ते त्यांनी सांगितलंच होतं. दूध तीन पंचेचाळीस. तिनं पुढं बघितलं. पाव दोन साठ. चहा पाच पंधरा. शेंगदाण्यांच्या बरणीपुढं जायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि पाय तिकडंच गेले.

तीन पंच्याऐंशी. शाई बरणीच्या काचेला थोडी लागली होती, कार्ड ओलं असतानाच लावल्यासारखी.

"आबा," ती कशीबशी म्हणाली. आबांना इंग्रजी आकडे येत होते. आणि पोस्टात टाकण्याआधी तो कागद त्यांच्या उशाशी, पाणी पिण्याच्या भांड्याखाली होता; डोळा उघडला तेव्हा त्यांनी तो वाचला होता. त्यांनी कार्ड वाचलं, सुनेकडं बघितलं आणि हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही. दुकानाला, नाहीतर माणसाला.

"इथं," कृष्णा म्हणाली. ती मागच्या खोलीत पोचली होती. "मी काही हलवलेलं नाही."

लहान टेबल. त्यावर दोन कप. एक रिकामा, आणि एक बशीनं झाकलेला. शेजारी वाटीत सोललेले शेंगदाणे. खाली फरशीचा तेवढाच तुकडा स्वच्छ पुसलेला, आणि पुसला होता म्हणूनच ते कुठं पडले ते दिसत होतं.

"डॉक्टर म्हणतात, पडले ते अकराच्या पुढं कधीतरी," कृष्णा सांगत होती. "पण लगेच गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत होते बहुतेक. पहिल्या तासा-दोन तासांत कुणी आलं असतं, तर..." ती थांबली. "आधी मला वाटलं, एकटेच पडून राहिले, कुणाची तरी वाट बघत. मी दोन रात्री झोपले नाही. मग पोलीस म्हणाले, तुम्ही अकरा चाळीसला आला होता. म्हणजे तोवर ते ठीक होते ना? तुमच्याशी बोलले. चहा दिला. मग मला जरा बरं वाटलं. सांगा ना, काय म्हणाले?"

बघा, किती सोपं होतं. दोन शब्द बोलायचे. मुलीचं नाव काढलं होतं, म्हणायचं. हसत होते, म्हणायचं. कॅलेंडर तिच्या बाजूनं, पोलीस तिच्या बाजूनं, फळ्यांवरचं एकन् एक कार्ड तिच्या बाजूनं. सगळं दुकान साक्ष द्यायला उभं होतं की ममता आली होती. तिच्या स्वतःच्या कानातसुद्धा घंटी वाजत होती. जुलैपर्यंतचं घर त्यावर टिकलं होतं. आणि समोरच्या बाईला तेच हवं होतं, दुसरं काही नको होतं.

ममतानं झाकलेल्या कपाकडं बघितलं. बशी सरळ, नीट मधोमध ठेवलेली. पाहुणा उशिरा येणार असेल तर ठेवतात तशी.

"मी आले नाही," ती म्हणाली.

कृष्णाला कळलं नाही.

"शुक्रवारी मी आले नाही, ताई. हे माझे सासरे आजारी होते, मी घरी वळले. भाव मी घरी बसून लिहिले. पोलिसाशी खोटं बोलले. हा कप माझा आहे. मी यायची होते आणि आले नाही. मागच्या दारानं फक्त मीच यायची. मी आले असते तर..." ती रडायला लागली, आणि रडण्याचीही तिला लाज वाटली.

कृष्णानं हात सोडले. फ्रीजचा घुमण्याचा आवाज बंद पडला आणि खोली फार मोठी झाली. ती बोलली ते अगदी हळू.

"हे मला कशाला सांगितलंत?"

कृष्णानं कपावरची बशी उचलली. आत काळपट पाणी, वर बुरशीचा सुरकुतलेला पापुद्रा. तिनं तो मोरीत ओतला, कप धुतला, पालथा घातला. मग पुढं जाऊन तिनं दारावरची पाटी काढली आणि तशीच हातात धरून उभी राहिली, ती कुठं ठेवायची हे न कळल्यासारखी.

"पोलिसाला सांगायला जाते," ममता म्हणाली. "पण ऑफिसला एक फोन इथूनच करू द्या. बाहेर पडले तर मी करणार नाही."

कृष्णानं तिच्याकडं न बघता गल्ल्याजवळच्या फोनकडं मान हलवली.

नोएलीन जागेवरच होती. सुट्टीच्या आधीचा दिवस, घाईत होती. ममतानं नाव सांगितलं, दुकानाचा नंबर सांगितला, म्हणाली, मार्चचा माझा आठवा कागद रद्द करा.

"का? आकडे चुकलेत?" नोएलीननं विचारलं. पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "थांब, माझ्यासमोर आहे. सांग, कुठला चुकलाय?"

ममता फोन कानाला लावून फळ्यांसमोर उभी होती. तिनं आता नियमाप्रमाणं, डोळ्यांनी, एकेक कार्ड वाचलं. लोणी. दूध. पाव. चहा. शेंगदाण्यांच्या बरणीशी आबा उभे होते. त्यांनी झाकणाला हात लावला नाही.

"हॅलो? ममता? कुठला आकडा चुकीचा आहे?"

"एकही नाही," ममता म्हणाली. "सगळे बरोबर आहेत. मी बघायला आले नव्हते."